चिमटीतली माती

शपथेवर सांगते, यातलं एक अक्षरही बनवलेलं नाही. हसायचं तर हसा, पण आधी पूर्ण वाचा!

हे घडलं माझ्या आत्यासोबत. गेल्या उन्हाळ्यात, काकाच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तेही भर दुपारी.

आमचे आजोबा मोजणीदार. जन्मभर त्यांनी मोजणीची लोखंडी साखळी ओढत आपल्याच मुलखाची जमीन मोजली. ढेकूळ उचलायचं, चिमटीत चुरायचं, हुंगायचं... आणि शेत ओळखायचं! म्हातारपणी काकाने त्यांना शहरात आणलं.

"एकदा तिकडे ने रे."

"पुढच्या सुट्टीत, बाबा."

ती सुट्टी काही आली नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "राख तरी तिथल्या मातीत टाक."

"टाकून आलो," काकाने सगळ्यांना सांगितलं.

त्या दुपारी काका कामावर होता. आत्या चार दिवस राहायला आलेली, घरात एकटीच. जरा डोळा लागला, आणि...

खळ्ळ...

कोणीतरी फरशीवरून साखळी ओढत होतं.

खळ्ळ... मग एकदम शांत.

आजोबांची साखळी तर कधीच भंगारात गेली होती.

आत्या बाहेर आली. कोणीच नाही.

फक्त फरशीवर... चिमूटभर चुरलेली माती. पुढे अजून एक चिमूट. अजून एक. बाल्कनीतल्या कुंडीपासून थेट काकाच्या उशीपर्यंत!

कुंडी अर्धी रिकामी. मातीत राखाडी काहीतरी मिसळलेलं.

तिने काकाला फोन लावला. "दादा, कुंडीत काय आहे?"

आधी नुसतं खोकणं. मग, "अगं, रजाच मिळेना. नर्सरीतली चांगली माती आहे ती. शेवटी माती काय, सगळी सारखीच."

"हे बाबांच्या नाकाला सांग!"

दुसऱ्याच दिवशी आत्या कुंडी मांडीवर घेऊन बसने मुलखात गेली.

तिथे गोदामं. नजर जाईल तिथवर काँक्रीट. चिमूटभर माती दिसेना.

कुंडी परत आली. आता ती आमच्याकडे असते, कारण आत्या आमच्याकडेच राहते. जिथे जाईल तिथून ती मूठभर माती आणते आणि कुंडीशेजारी ठेवते.

कुंडी कुठे गेली, हे काकाने अजून एकदाही विचारलेलं नाही.

काल मी शाळेतून लवकर आले. आत्या दारातच उभी, ओठांवर बोट. आत फरशीवर... तिने परवाच आणलेल्या मातीची ताजी, चुरलेली चिमूट.

"ही पण नाही का, बाबा?" तिने हळूच विचारलं.



खळ्ळ...

साखळी पुढे सरकली.