डावीकडचा ब्रेक

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडलं ती नंदिता माझी चुलतबहीण. ती गाडी मी पाहिली आहे, तिच्यात बसलोही आहे. कुणाला विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. मलाही ठेवायचा नव्हता.

गेल्या वर्षीची कार्तिगै दीपाची, म्हणजे तमिळ लोकांच्या दिव्यांच्या सणाची संध्याकाळ. जागा चेन्नई, अंबत्तूर औद्योगिक इस्टेटचा रस्ता.

पण आधी गाडीबद्दल सांगतो.

नंदिता शाळेत शिकवते. तिचे वडील, म्हणजे आमचे वेंकोबाकाका, हृदयाचे पेशंट. त्यांना इस्पितळात न्यायला-आणायला म्हणून तिने जुनी गाडी घेतली. फ्रेंच कंपनीची, पांढरी, छोटी हॅचबॅक. श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे त्या कंपनीचा कारखाना आहे, तिथेच बनलेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण यात तिचा काही दोष नाही. नंदिताचा धाकटा भाऊ कार्तिकेय त्याच कारखान्यात नोकरीला आहे.

"आमच्याकडची गाडी आहे, अक्का. डोळे मिटून घे," तो म्हणाला.

गाडी आधी एका ड्रायव्हिंग स्कूलची होती. अशा गाड्यांत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, डाव्या बाजूला. विकताना तो काढून टाकला होता.

पहिल्याच आठवड्यात पाडीजवळ थांबलेल्या बसच्या पुढून एक फुलवाली अचानक रस्त्यात आली. नंदिताला ती दिसली, पण पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता...

खट्‌.

गाडी जागच्या जागी उभी राहिली.

फुलवाली शिव्या देत निघून गेली. नंदिताने डॅशबोर्डवरच्या पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, हात जोडले. आपणच ब्रेक दाबला, असं तिने मनाला समजावलं.

पण आवाज डावीकडून आला होता.

आणि डावी सीट रिकामी होती.

मग गाडी उगाचच थांबायला लागली. भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर. खट्‌... आणि मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. एकदा तर तिने दोन्ही पाय वर उचलून धरले. तरी गाडी थांबलेलीच. थोड्या वेळाने डावीकडे काहीतरी सैल झाल्यासारखा आवाज आला, आणि गाडी हळूच पुढे सरकली.

कार्तिकेयने गाडी रॅम्पवर चढवून खालून तपासली. डावीकडची रबराची चटई उचलून पाहिली. तिथे बुजवलेली दोन भोकं, बाकी काही नाही.

"पेडल नाही, तार नाही. तुझे ब्रेक अगदी ठणठणीत आहेत, अक्का. उगाच घाबरतेस."

काका मात्र त्या सीटवर मांडी घालून बसायला लागले.

"अप्पा, पाय खाली सोडा ना. सूज येईल."

"कुठं सोडू ग? इथं जागा नाही."

नंदिता हसली. म्हातारपण, तिला वाटलं.

कार्तिगैच्या संध्याकाळी घरोघरी पणत्या लागत होत्या. काका उंबऱ्याजवळ बसले होते. एकाएकी त्यांनी छाती धरली. कार्तिकेयच्या कारखान्याला सुट्टी नव्हती, तो शिफ्टवर होता. नंदिताने शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना गाडीत बसवलं आणि निघाली.

इस्टेटच्या रस्त्याला लागली. सणामुळे कारखाने बंद. रस्ता मोकळा.

खट्‌.

"नको... आत्ता नको," ती पुटपुटली.

तिने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. गाडी हलली नाही. चहाच्या टपरीवरची माणसं धावत आली, मागून ढकलू लागली. चाकं फिरेनात. जणू कुणी पूर्ण भार देऊन ब्रेक दाबून धरला होता.

नंदिताने वडिलांकडे पाहिलं. ते घामाने निथळत होते. पण त्यांची नजर तिच्याकडे नव्हती.

ते खाली पाहत होते. आपल्या पायांशी.

"काल एडुप्पा..." ते तमिळमध्ये म्हणाले. अगदी हळू, विनवल्यासारखं. पाय काढ रे बाबा.

मग मुलीकडे वळून आमच्या घरच्या मराठीत म्हणाले, "नंदा, त्याला पाय काढायला सांग की. माझं ऐकत नाही तो."

तेच त्यांचे शेवटचे शब्द.

टपरीवाल्यांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. इस्पितळाच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

गाडी तिथेच उभी होती. रात्री कार्तिकेय आणायला गेला, तर पहिल्याच किल्लीला सुरू झाली. सरळ घरी आली.

दिवसकार्य उरकल्यावर नंदिता त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. तिला एकच विचारायचं होतं, त्या गाडीत कोण मेलं?

"कोणीच नाही, अम्मा," मालक म्हणाला. "त्या गाडीवर शिकवायचे ते एळुमलै मास्टर हे काय बसलेत."

कोपऱ्यात एक काळासावळा, पिकल्या मिशांचा माणूस बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"लोक म्हणायचे, एळुमलै मास्टरचा ब्रेक कधी चुकत नाही," तो म्हणाला. "अम्मा, मी त्या गाडीत ब्रेक कधी दाबलाच नाही. माझ्या आधीच दाबला जायचा. माझे पाय नेहमी सीटखाली ओढून घेतलेले."

"मग कोण होतं तिथे?"

"ठाऊक नाही. इतकी वर्षं त्या सीटवर बसलो, पण एकदाही खाली वाकून पाहिलं नाही."

तो थोडा पुढे झुकला. आवाज एकदम खाली आला.

"तुमच्या अप्पांनी पाहिलं ना? तो कसा होता, ते काही बोलले का?"

नंदिता उठून बाहेर आली.

कार्तिकेयने गाडी दलालामार्फत विकली. कुणी घेतली, आम्हाला माहीत नाही. कागदपत्रांवर नाव असेल, पण ते पाहायची हिंमत आमच्यापैकी कुणाचीच झाली नाही.

एवढंच कळलं, की घेणाऱ्याच्या घरी बायको गरोदर आहे, तिला इस्पितळात न्यायला-आणायला घेतली...