नऊ नंबरचा गुडघा

लिफ्ट बंद होती, आणि चौथ्या मजल्यावर गुडघ्याचे पट्टे बनवणाऱ्या कंपनीत माझी मुलाखत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक उंचापुरा माणूस कठड्याला टेकून फोन बघत होता. फोन बंदच होता.

"उजवा गुडघा ना?" मी फिजिओथेरपिस्ट, तोंड आवरत नाही.

तो दचकला. "ओळखलंत... मला?"

"गुडघ्याला ओळखलं. तुम्ही कोण?"

इतका मोकळा हसला तो! तोच कंपनीचा मालक, हे वर गेल्यावर कळलं. घरी सांगितलं तर दादाने कपाळावर हात मारला. "अगं, फुटबॉलचा नऊ नंबर! त्याच्या गोलवर अख्खं शहर नाचलंय!"

मी नव्हते नाचले. पण ते हसणं... जाऊ दे.

नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मी त्याचा नवा पट्टा नापास केला. "मागून काचतो."

"जाहिरातीत हाच घालून मी जिने चढतो."

"आणि प्रत्यक्षात फोन बघता."

तो लाजला. चक्क कानापर्यंत लाल झाला! मग रोज सुधारलेला पट्टा घेऊन यायचा—कधीकधी पट्टा विसरून नुसताच यायचा.

त्याची दुसरी एक लढाई चालू होती. खेळताना जायबंदी झालेल्यांचा इलाज क्लबांनी आयुष्यभर करावा, यासाठी. चौदा जुने खेळाडू त्याच्या भरवशावर होते. क्रीडा समितीपुढच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "माझं लंगडणं दिसलं तर पट्टे कोण घेईल? कंपनीत दोनशे माणसं आहेत."

"तुमचं तुम्ही ठरवा. पण लपवता तेव्हा जास्त दुखतं, एवढं मला दिसतं."

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. क्लबांचे वकील म्हणाले, "यांच्याकडेच बघा ना, ठणठणीत आहेत!"

तो उठला. सावकाश पँट गुडघ्याच्या वर दुमडली. तीन ऑपरेशनांचे व्रण सगळ्यांनी पाहिले.

"मला परवडलं म्हणून मी चालतोय. या चौदा जणांना नाही परवडत. आणि माझा पट्टा आधार देतो, गुडघा बरा करत नाही. ती जाहिरात आजपासून बंद."

माझा ऊर भरून आला. त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायचंही सुचेना.

समितीने चौदाही जणांच्या इलाजाचा खर्च क्लबांवर टाकला. तो बाहेर आला—उघड लंगडत.

"दोन दुकानांनी ऑर्डर रद्द केली. तुम्हाला दुसरी नोकरी बघायची असेल तर..."

"नाही बघणार."

"अशा माणसाबरोबर चालायला—"

"अभिमान वाटतो. आणि प्रेम आहे माझं तुमच्यावर. अजून काही शंका?"

"हे मी बोलणार होतो. दोनदा धीर सुटला."

"गोल मारताना नाही सुटला तो?"

"तिथं समोर तुम्ही नव्हता ना!"

मी त्याचा हात धरला. मागे दादा एका अनोळखी माणसाला छाती फुगवून सांगत होता, "तो नऊ नंबर ना? त्याच्या शेजारी आहे ती माझी बहीण."