परतीची तार

खाडीच्या तोंडाशी एक गाव. गावाला बांध, बांधाआड मिठागर, मिठागरात राबणारे दोन भाऊ. थोरला काळूराम. धाकट्याची बायको कमळ, ती मी. धाकट्याचं नाव मी घेत नव्हते; ते पुढं येईल.

मिठागरावर विजेचा पंप बसला तेव्हा ह्यांनी शेजारी खड्डा खणून त्यात तांब्याची जाड तार पुरली. खड्ड्यात कोळसा घातला, मीठ मी टोपलीनं ओतलं. वर राहिलेल्या तारेला ह्यांनी माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली. म्हणाले, "कुणाचा पाय अडकाया नको."

सव्वीस वर्षं झाली त्या दुपारीला. मी भाकरी घेऊन गेले तर हे पंपाला धरून उभे. पंप घूंऽऽ करतोय आणि हे हलत नाहीत. शेजारच्या सदानं धावत येऊन खटका पाडला, तेव्हा खाली आले. उजव्या हाताची बोटं आत वळलेली. चितेवर ठेवेपर्यंत ती उघडली नाहीत. खड्डा उकरलेला होता. तार नव्हती.

"तार कुठं हाय, भाऊजी?" मी विचारलं.

"चोरांनी नेली आसंल. तो ताडी पिऊन पंपावर पडला, त्याला तार काय करनार?"

ताडीचा वास आला तरी ओकारी यायची ह्यांना. पण थोरल्याचा शब्द गावानं धरला. आमच्याकडं हळदीला धवलारीण गाणं म्हणत देवांना आणि घरातल्या मेलेल्यांना नावानं आवतण देते. त्या दिवसापासून प्रत्येक हळदीत ह्यांच्या नावाशी आलं की काळूराम हात वर करायचा. "दारू पिऊन मेलेल्याला आवतण न्हाय. पुढं चल." पाण्यानं मीठ विरतं. माझा राग विरला नाही.

यंदा माझ्या नातीची, अमिषाची हळद. नातू निकेतनं बहिणीसाठी जीपमध्ये मोठा साउंड बसवायला घेतला. सकाळपासून अलिबागचा वायरमन धनेश जीपच्या पोटात शिरलेला.

"मूळची तार सुतळीएवढी हाय, आजी," तो म्हणाला. "एवढा अँप्लिफायर तिच्यावर कसा चालंल? ही जाड लाल तार बॅटरीपासून आणली, फ्यूज लावला. आता परतीची तेवढीच जाड पायजे."

"परतीची?"

"वीज गेली की तिला परत यायला वाट लागते. गाडीत ती पत्र्यातून बॅटरीकडं येते. घरात, पंपात बिघाड झाला तर पुरलेल्या तारेतून भुईत जाते. वाट न्हाय ठेवली, तर माणसाच्या अंगातून काढते."

पाना फिरवत, सहज बोलला पोरगा. मी हळदीचं ताट खाली ठेवलं.

परतीची काळी तार कमी पडली. निकेत काळूरामच्या माळ्यावर चढला आणि तांब्याचं वेटोळं घेऊन उतरला. "मोठ्या आजोबांकडं पडून होतं!" धनेशनं तारेचं एक टोक अँप्लिफायरला जोडलं, दुसरं जीपच्या पत्र्याचा रंग खरवडून बोल्टनं आवळलं.

"दादा, नवऱ्याला माझं बोलनं ऐकू येईल एवढा तरी आवाज ठेव!" अमिषा ओरडली. सगळे हसले.

साउंड चालू केला. गाणं लावायच्या आधीच आतून आवाज आला.

घूंऽऽ...

धनेशनं बोल्ट सोडला, परत आवळला. इंजिन बंद केलं. तरी घूंऽऽ. "परतीचा ग्राउंड तर पक्का हाय..." तो पुटपुटला. गाडीतून ओल्या चिखलाचा, मिठाचा वास यायला लागला. मी वाकून पाहिलं. तारेला चिंधी होती. रंग उडाला होता, पण काठ माझ्याच लुगड्याचा.

सव्वीस वर्षं थांबले होते, आणखी घटकाभर थांबले.

बाराच्या उन्हात मांडव भरला. धवलारीण मनुबाईनं माइक घेतला, देवांना बोलावलं, सासऱ्यांना, आजेसासऱ्यांना बोलावलं. मग गप्प झाली आणि सवयीनं काळूरामकडं बघू लागली. त्याचा हात वर गेला.

मी तिच्या हातातला माइक ओढला.

"विठोबा!" लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा नवऱ्याचं नाव माझ्या तोंडून आलं. "नातीची हळद हाय. या."

घूं थांबलं.

"व्हय," जीप बोलली.

बांधावरून हाक मारली की हे असंच उत्तर द्यायचे, छोटंसं.

मग आवाज आला, अगदी हळू... "दादा... तार कुठं हाय?"

काळूरामच्या ओठाला फेस आला. "नव्या घराच्या अर्थिंगला पायजे होती रं... एकच दिवस... दुसरी आणून लावनार होतो. तू पंप चालू करशील, मला काय म्हाईत... मग भ्यालो, माळ्यावर लपवली... ताडी पेला नव्हतास तू. पेला नव्हतास..."

साऱ्या गावानं ऐकलं. मनुबाईनं डोळे पुसले आणि ते नाव तीनदा गायली.

संध्याकाळच्या आत निकेतनं तार सोडवली. आम्ही ती त्याच खड्ड्यात पुरली. कोळसा त्यानं घातला, मीठ मी ओतलं.

तेव्हापासून घराचं भलं झालं. अमिषाला जुळी झाली. पेणपासून मुरुडपर्यंत निकेतच्या जीपशिवाय हळद होत नाही. आमच्या दारात आता कुणी दारुड्याचं घर म्हणत नाही.

परवा धनेश जीप बघायला आला. सीट उचलून एकेक तार चाचपू लागला.

"निकेत, परतीची दुसरी तार लावलीच न्हाय तू? मग हा वाजतो कसा?... वीज परत येते कुठून?"

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. आत खाटेवर काळूराम पडलेला; त्या हळदीपासून उठलाच नाही, मीच त्याचं बघते. जीप कुठंही वाजू दे, मुरुडला वाजू दे, गाणं सुरू झालं की त्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून आत वळतात, आणि गाणं संपेपर्यंत उघडत नाहीत.

मी त्याच्या अंगावर गोधडी घालते. आवाज कमी कर, असं निकेतला कधी सांगत नाही.