भट्टीच्या वळणावरचा आडवा वासा

चष्मा पोचवायचा होता. एवढंच काम होतं, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

सरकून बसा जरा, दार लोटून घ्या. तुम्ही मघाशी विचारलंत ना, की आजोबा शेवटच्या महिन्यांत असे का झाले होते, कोणी आलं की भिंतीकडे तोंड का करायचे... तुमच्या बापाने सांगितलं नसेल. तो नाहीच सांगणार. पण तुमची वयं झाली आता. मी सांगतो ते माझ्यावर नाही बेतलं. माझ्या साडूंवर बेतलं, म्हणजे तुमच्या थोरल्या आत्याच्या यजमानांवर. पण त्या पहाटे त्यांना घरी मी आणलं. त्यामुळे ऐकीव म्हणून सोडून देऊ नका.

साडूंचं चष्म्याचं दुकान तुम्हाला माहीत आहे. पुढे फ्रेमी मांडलेल्या, मागे डोळे तपासायची अंधारी खोली. आम्ही दोघंही या गावचे जावई, बाहेरून आलेले. ते हसून म्हणायचे, साडू म्हणजे एकाच सासऱ्याने गंडवलेली दोन माणसं. तेव्हा मीही हसायचो.

त्यांना एक नाद होता, यादवीचा. आम्ही जावई होण्याच्या कितीतरी आधी ती देशभर पेटली होती, पण आपल्या गावात तिची वाटणी झाली वरचे आणि खालचे अशी. टेकडीवर राहणारे वरचे, सपाटीवरचे खालचे. भाषा एक, कपडे एक, सोयरीकसुद्धा एकमेकांत. कोणामुळे पेटलं ते विचाराल तर वरचे खाली बोट दाखवतील, खालचे वर. दोन पावसाळे ते चाललं. मग एक दिवस थांबलं, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की काही झालंच नव्हतं. झाकली मूठ.

साडूंना ती मूठ उघडायची होती. पुस्तक लिहायचं, नाव कमवायचं, असलं काही नाही. ते म्हणायचे, रोज म्हातारी माणसं माझ्यासमोर बसतात, आणि ती जाताना सगळं घेऊन जाणार. मग तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवायची, भिंगं बदलत विचारायचं, आधीचं बरं दिसतंय की आताचं? आणि मधेच, सहज, तेव्हा तुम्ही कुठे होता हो? अंधाऱ्या खोलीत समोरच्याचा चेहरा नीट दिसत नसला की माणूस बोलतं. त्यातून साडू बाहेरचे. कोणी विचारलंच, तुम्ही कोणाकडचे, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. मी कुणाकडचा नाही, मी जावई.

शिवणवाल्या आजी अशाच आल्या होत्या. वर टेकडीवर एकट्या राहायच्या, मोतीबिंदू काढलेला. यादवीतल्या एका रात्री त्या अडल्या होत्या, पहिलं बाळंतपण. त्यांचा नवरा रंगारी, घरांना रंग द्यायचा. तो खाली सुईणीला आणायला गेला. पहाटे कशाबशा एकट्याच बाळंत झाल्या. रंगारी आला नाही, सुईणही नाही. आजींना एवढंच कळलं होतं की दोघं भट्टीच्या वळणापर्यंत आले होते.

ते वीटभट्टीचं वळण म्हणजे तेव्हाचा नाका. रस्त्यावर आडवा वासा टाकलेला. माणसं अंधारात बसायची, दंडावरच्या आपापल्या बाजूच्या पट्ट्या काढून, म्हणजे कोण बसलंय ते येणाऱ्याला कळू नये. आणि एकच प्रश्न विचारायची. कोणाकडचा? बरोबर उत्तर दिलं तर जा. चुकीचं दिलं तर... आता समोर कोण बसलंय हेच माहीत नाही, तर बरोबर उत्तर कुठलं?

आजींनी साडूंना म्हटलं, माझी नजर आहे तोवर कळू दे, तो कुठे आहे.

साडूंनी मग कामधंदा सांभाळून तेच धरलं. चार-पाच महिने कोणी ताकास तूर लागू देईना. शेवटी एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने सांगितलं. नाक्यावर बसायचा तो भट्टीचा मुकादम.

भट्टीचा मुकादम कोण होता, माहीत आहे ना तुम्हाला?

हं. तुमचे आजोबा.

तेव्हा आजोबा साडूंकडेच असायचे, अंथरुणाला खिळलेले. साडूंनी एकदा जेवताना विषय काढला. आजोबांनी ताट सरकवलं, म्हणाले, मी त्या दिवसांत तापाने आजारी होतो. मग तुमच्या आत्याने साडूंना आत बोलावून बजावलं, बाबांना आता छळू नका. साडू गप्प बसले. मला मात्र दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. आणि मीही त्यांना तेच म्हटलं, जाऊ द्या ना.

तर तो नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. चंद्र नव्हता, वाराही नव्हता. आजींच्या चष्म्याची भिंगं संध्याकाळी आली. साडूंनी ती बसवली, दुकान बंद केलं आणि स्कूटरवरून टेकडी चढले. आजींनी चष्मा घातला. आधी आपले हात बघितले, मग खोली, मग यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आता स्पष्ट दिसतोस. सांग, कळलं का काही?"

साडू म्हणाले, "नाही अजून."

उतारावर येताना हेच डोक्यात होतं. स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्यांत बघून खोटं बोललो.

भट्टीच्या वळणावर पुढचं चाक कशाला तरी थडकलं. दिव्याच्या उजेडात बघतात तर रस्त्यावर आडवा वासा. साल न काढलेला, एका टोकाला दगड बांधलेला. जाताना नव्हता. रस्त्याचं काम काढलं असेल म्हणून ते उतरले. हलकं टोक धरलं आणि वासा वर उचलला. आता स्कूटर कशी काढायची... एका हाताने वासा, दुसऱ्या हाताने गाडी... असा विचार चालू असतानाच गाडीचा दिवा गेला.

खालून पावलं वाजली.

अनवाणी. घाईघाईने येणारी. मग जरा अंतरावर थांबली. धाप ऐकू येत होती.

साडूंनी विचारलं, कोण आहे?

एक आवाज आला. तरुण माणसाचा.

"खालचा आहे मी."

साडूंना बोलताच येईना.

"नाही... वरचा. वरचा आहे."

धाप वाढली.

"तुम्ही म्हणाल तो आहे. घरी बायको अडली आहे... जाऊ का?"

पोरांनो, तेव्हा साडूंना कळलं आपण कुठे उभे आहोत. वासा कोणाच्या हातात आहे. आपण त्या रात्रीचा शोध घेत होतो खरं. पण मनातल्या मनात नेहमी रस्त्यावरून येणाऱ्याच्या जागी उभे राहत होतो. ही दुसरी जागा कधी मनात आलीच नव्हती.

ते म्हणाले, "जा."

पावलं हलली. अगदी खांद्याजवळून गेली. दिसलं काही नाही. रंगाचा वास आला, ओल्या तेलाच्या रंगाचा. त्याच्यामागून चपला फटफटत गेल्या, बाईच्या. ती काही बोलली नाही. दोघं टेकडीकडे चढत गेली... ऐकू येईनाशी झाली.

झालं, असं साडूंना वाटलं. त्यांनी वासा खाली ठेवायला हात सैल केला.

खालून कोणीतरी खोकलं.

"जाऊ का?"

म्हाताऱ्याचा आवाज.

"जा."

मग आणखी एक. सायकल हातात धरून चालणारा. चाकाची टिकटिक.

"जाऊ का?"

"जा."

मग दोघं. मग एक बाई, कडेवर मूल असावं, कारण ती त्याला गप्प करत होती. कोणी धड आवाजाने विचारायचं, कोणी नुसतं थांबायचं. साडू म्हणत राहिले, जा. हात भरून आला. वासा ठेवायची हिंमत नव्हती. ठेवला, आणि तेवढ्यात कोणी आलं तर? घसा सुकला. तरी येतच होते. कोण जाणे कुठून. किती काळ ते अडकून होते तिथे...

मग थांबलं सगळं.

पूर्वेला जरासं फटफटलं होतं. आणि शेवटची पावलं आली.

ही घाईची नव्हती. बुटांची. एकेक टाकत आली. वाशासमोर थांबली.

साडूंनी वाट पाहिली. विचारणं नाही. काही नाही.

"जा," साडू म्हणाले.

हालचाल नाही.

"जा ना."

त्याचा श्वास साडूंच्या तोंडावर आला. इतकं जवळ.

"तू कोणाकडचा?"

...

ओठांवर तयार उत्तर होतं. कुणाकडचा नाही, मी जावई. वर्षानुवर्षं दिलेलं. ते बाहेर पडेना. कोणाचा जावई, हा पुढचा प्रश्न आला असता.

ते उभे राहिले. तोही उभा राहिला.

तुमच्या आत्याचा फोन मला पहाटे आला, हे आले नाहीत म्हणून. मी गाडी काढली. वळणावर बघतो तर साडू रस्त्याच्या कडेला उभे. स्कूटर आडवी पडलेली. रस्ता मोकळा, वासाबिसा काही नाही. पण त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर, मूठ आवळलेली, जणू काही धरून ठेवलंय. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, जा. आवाज नव्हताच, नुसती हवा. मी जवळ गेलो. पुन्हा तेच. तो हात खाली घ्यायला मला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

घरी आणलं. तुमच्या आत्याने त्यांना धरून बाहेरच्या खोलीत बसवलं. तिथेच आजोबांची खाट. कोणी काही सांगितलं नव्हतं हो त्यांना. आम्ही अजून एकमेकांशीही बोललो नव्हतो. पण ते जागे होते, उशीला टेकून. साडूंकडे पाहून त्यांनी विचारलं,

"किती गेले?"

तुमच्या आत्याच्या हातातलं भांडं पडलं. मला काहीच उमगलं नव्हतं.

साडूंनी कसाबसा आवाज काढला. "सगळे गेले. एक राहिला."

आजोबांनी छताकडे पाहिलं, म्हणाले, "तो नाही जायचा. त्याला मी एकदा जा म्हटलं होतं."

त्यांनी पांघरूण छातीवर ओढलं.

"तो वळला... पाठमोरा झाला... आणि मग..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. आणि आम्ही विचारलं नाही. कोण होता, तेही नाही. बाकीचं सांगितलं मात्र. भट्टीमागचा मातीचा खड्डा, माणसं कुठल्या अंगाला पुरलीत, वरचे किती, खालचे किती. खालचेसुद्धा होते त्यात. अंधारात घाबरून चुकीचं उत्तर दिलेले, आजोबांच्याच बाजूचे.

सरकारी माणसं आली, खड्डा उकरला. आजींना त्यांचा माणूस मिळाला, त्यांनी त्याचं सगळं रीतसर केलं. आजोबा त्यानंतर फार राहिले नाहीत. त्यांच्याशी बोलायचं कसं ते आम्हाला जमलं नाही. पाणी द्यायचो, कूस बदलायचो, डोळ्याला डोळा द्यायचो नाही. तुमच्या आत्या रात्री त्यांच्या उशाशी बसायच्या, पण बापाला बाबा म्हणणं त्यांनी सोडलं होतं.

साडू आजींकडे गेले, मलाही सोबत नेलं. आपण कोणाचे जावई ते त्यांनी उंबऱ्यावरच सांगितलं, आत पाऊल न टाकता. आणि त्या दिवशी खोटं बोललो, हेही. आजी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी चाक हाताने थांबवलं. रागावतील, दार लावून घेतील, असं मला वाटलं.

त्या म्हणाल्या, "त्या शुक्रवारी रात्री माझं दार वाजलं होतं. कोण आहे, असं मी विचारलं नाही. नुसतं उघडलं."

मग त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं. आम्ही निघताना साडूंना म्हणाल्या, चष्म्याची डावी काडी जरा टोचते, पुढच्या वेळी बघ.

म्हणजे निस्तरलं, असं म्हणा हवं तर. साडूंचा आवाज परत आला, दुकान चालू आहे. आता ते म्हाताऱ्यांना विचारत नाहीत, म्हातारे आपणहून येऊन सांगतात.

फक्त एक राहिलं.

त्या शनिवारी दुपारी मी त्यांची स्कूटर आणायला वळणावर गेलो. ती उचलताना रस्त्यावर दिसलं. बुटांच्या तळव्यांचा ठसा. दोन पावलं, शेजारीशेजारी, उभ्या माणसाची असतात तशी. डांबरात बोटभर रुतलेली. डांबर जुनं, दगडासारखं कडक. मी किल्लीने खरवडून बघितलं, कणसुद्धा निघाला नाही. मागे एक पाऊल नाही. पुढे एक पाऊल नाही. चवडे टेकडीकडे, म्हणजे साडू जिथे उभे होते तिकडे.

उन्हाळ्यात नगरपालिकेने तो सगळा रस्ता नवा केला. जाडजूड थर टाकला, वरून रोलर फिरवला. मी मुद्दाम जाऊन उभा राहून पाहिलं. गुळगुळीत झाला होता. ठसा गेला.

परवा दिवसाढवळ्या तिथून आलो.

दोन पावलं... तीच, तिथेच, नव्या डांबरात. मी गाडीतून उतरलो नाही, काचेतूनच बघितलं.

चवडे आता खाली वळलेत. आपल्या घराकडे.