गाडी वळली की

भूत म्हटलं की काही लोकांना अमावास्या लागते, वडाचं झाड लागतं. त्यांची मी आधीच माफी मागतो. माझ्याकडे दोन्ही नाही.

हे भर दुपारी घडलं. १९८७ साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पुण्यात, मार्केट यार्डाच्या मागच्या मोकळ्या मैदानावर. ऊन होतं. शेळ्या चरत होत्या.

आणि हे खरं आहे. माझ्या भावाचा उजवा कान अर्धाच आहे. ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावा.

मी मकसूद. मोठा भाऊ जब्बारभाई. घोरपडे पेठेत आमचं गॅरेज होतं. अब्बा लवकर गेले, तेव्हा जब्बारभाईनं शाळा सोडून हातात पाना घेतला आणि मला वाढवलं. त्याच्याशिवाय मला कुणी नव्हतं. आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी जे केलं ते का केलं हे कळेल.

आम्ही भाऊ आपसात दखनी बोलतो. इथं सगळं मराठीत लिहितोय.

तर त्या आठवड्यात दिगंबर ओगले नावाचे गृहस्थ जुनी काळी अँबॅसिडर घेऊन आले. वय पन्नाशीचं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. एरंडवण्यात फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. बोलणं तुटक.

“गाडी वळली की मागून गडगडतं. सरळ रस्त्याला गप्प.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“का? तारीख सांगितली की लवकर दुरुस्त होते का?”

अशी गिऱ्हाइकं आम्ही रोज बघायचो.

पण एक गोष्ट खटकली. ते सारखं विचारत होते, “तुम्हाला ऐकू येतोय ना आवाज? दोघांनाही?”

हो म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. गाडी बिघडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

आवाज होताच. वळणावर वजन बाहेरच्या चाकावर येतं, बेअरिंग झिजलेलं असलं की ते ओरडतं. साधी गोष्ट आहे. आम्ही मागची दोन्ही बेअरिंग बदलली.

गाडी बाहेर काढली. पहिल्या वळणावर...

गड... गड गड... धप्प.

जब्बारभाईनं कपाळाला आठ्या घातल्या.

“मकसूद, बेअरिंगचा आवाज ताल सोडत नाही,” तो म्हणाला. “हा सोडतो. आणि बेअरिंग वेग वाढला की जास्त ओरडतं. हे उलटं आहे. जितकं हळू वळतोय तितका आवाज मोठा.”

अशा हट्टी आवाजांसाठी आमची एक पद्धत होती. जब्बारभाई डिकीत आडवा व्हायचा, चाकावरच्या पत्र्याला कान लावायचा. मी बाहेरून झाकण लावून मोकळ्या मैदानात गाडी गोल फिरवायचो. ज्या बाजूचं चाक बोलेल त्या बाजूच्या पत्र्यावर तो पान्यानं एकदा ठोकायचा. मग मी थांबायचो. कित्येक गाड्यांचे आवाज आम्ही असेच पकडले होते.

ओगलेही बरोबर आले. मैदानात जब्बारभाई डिकीत पाय टाकायला लागला, तसा त्यांचा चेहरा उतरला.

“आत कशाला जायचं? बाहेरून नाही का कळत?”

“ओगलेसाहेब, डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा त्याला बाहेरून बघा म्हणता का?” जब्बारभाई हसत म्हणाला आणि आडवा झाला.

मी झाकण लावलं.

ओगले माझ्या शेजारी येऊन बसले. हात मांडीवर घट्ट. मी गाडी सुरू केली. सरळ गेलो, तोवर काही नाही. मग हळूच स्टिअरिंग वळवलं...

गड गड गड.

लगेच उजवीकडून एक ठोका आला. टक्.

“उजवं चाक,” मी म्हणालो.

पाय ब्रेककडे नेला, तेवढ्यात...

डावीकडून टक्.

मग मधून, सीटच्या बरोब्बर मागून. हा पान्याचा ठोका नव्हता. कुणीतरी टाच मारली होती. पूर्ण ताकदीनं.

मागची सीट पुढं फुगली. मी आरशात बघितलं. ती परत फुगली. पुन्हा. पुन्हा. आणि त्या दणक्यांच्या मधे मला भावाचा आवाज ऐकू आला. शब्द नव्हते. मार खाणारा माणूस काढतो तो आवाज.

मी ब्रेक मारला.

म्हणजे, मारायला गेलो. ओगल्यांनी सीटवरून सरकून माझ्या पायावर पाय ठेवला आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला. एका हातानं स्टिअरिंग पकडलं.

“थांबू नका,” ते म्हणाले. “चौक आहे. माणसं उभी आहेत. ऐकतील. थांबू नका.”

कसला चौक? समोर मैदान होतं आणि शेळ्या होत्या.

ते माझ्याशी बोलतच नव्हते. ते दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसात होते.

मी त्यांच्या तोंडावर कोपर मारलं. दात माझ्या कोपरात रुतला. त्यांनी माझे केस धरून डोकं खिडकीवर आपटलं. गाडी तशीच गोल फिरत होती. मागं दणके वाढत होते. आणि भावाचा आवाज... कमी होत चालला होता.

तो आवाज कमी झाला तेव्हा मी जसा घाबरलो, तसा आयुष्यात परत कधी घाबरलो नाही.

मी त्यांच्या हाताला चावलो. रक्ताची चव लागेपर्यंत सोडलं नाही. त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि गाडी मुरमाच्या ढिगात घुसून बंद पडली.

गाडी थांबली.

दणके थांबले नाहीत...

मी उतरून मागं धावलो. बंद पडलेली गाडी मागच्या चाकांवर उड्या मारत होती. डिकीचं झाकण आतून बाहेर फुगत होतं. एकेक उंचवटा माझ्या डोळ्यांदेखत येत होता. झाकणाच्या फटीतून नंबरप्लेटवर रक्त ओघळत होतं.

डिकीची मूठ फिरवली. फिरेना. मी पुढच्या सीटखालची टॉमी काढली, चाक खोलताना लावतो ती लोखंडी कांब. परत आलो तर ओगले डिकीसमोर हात पसरून उभे.

“उघडू नका,” ते अगदी शांतपणे म्हणाले. “आता गप्प होईल. नेहमी होतो.”

आत माझा भाऊ होता.

मी टॉमी त्यांच्या खांद्यावर घातली. पूर्ण जोरानं. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. त्याबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ते खाली बसले. मी टॉमी फटीत घालून झाकण उचकटलं.

आणि तेव्हा...

गाडीचा मागचा भाग वर आला.

ज्यांनी गाड्यांखाली आयुष्य काढलंय त्यांना हे सांगायला नको. माणूस उतरला की स्प्रिंग वर येते, तेवढीच ती वर आली. जब्बारभाई तर अजून आतच पडला होता.

आत तो एकटाच होता. नाक चपटं झालेलं. उजवा कान फाटून लोंबत होता. दोन बोटं उलटी वळलेली. दोन्ही मनगटांवर दोरी रुतल्याचे लाल वळ. दोरी कुठंच नव्हती. पाना त्याच्या खिशात होता. तो त्यानं बाहेरच काढला नव्हता.

मी त्याला उचलताना ओगल्यांकडे पाहिलं. ते डिकीकडे बघत नव्हते. माझ्या शेजारी, मोकळ्या जागेकडे बघत होते. त्यांची नजर हळूहळू सरकत होती... चालत येणाऱ्या माणसाबरोबर सरकते तशी. ती त्यांच्या अगदी जवळ येऊन थांबली.

मग ते मोडका खांदा धरून पळाले. मागं वळून न बघता.

दत्तोबा नावाचा टेम्पोवाला यार्डातून येत होता, त्यानं आम्हाला ससूनला नेलं. वाटेत प्रत्येक वळणावर मी जब्बारभाईच्या छातीला हात लावून बघत होतो. संध्याकाळी त्याला शुद्ध आली. त्याच्या ओठांना टाके घातलेले होते. मी कान जवळ नेला.

“तो मला मारत नव्हता रे,” जब्बारभाई म्हणाला. “त्याला बाहेर यायचं होतं. मी मधे आलो.”

मी त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले.

“हात बांधले होते त्याचे. गाडी हळू झाली की त्याला वाटायचं, चौक आला. आता कुणीतरी ऐकेल. म्हणून वळणावर लाथा मारायचा. सरळ रस्त्याला दमून पडायचा.” मग तो रडायला लागला. “कुणीच ऐकलं नाही रे त्याला.”

दोन दिवसांनी पोलीस आले. खांद्याबद्दल विचारायला. त्यांच्यात मच्छिंद्र नावाचा ओळखीचा हवालदार होता, त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं.

ओगले त्याच संध्याकाळी गेले. स्वतःच्या लोखंडी कपाटात सापडले. हातपाय मोडून दुमडलेले, चेहरा ओळखू न येण्यासारखा. कपाटाचं हँडल बाहेरून बंद. घराचं दार मात्र आतून कडी लावलेलं. कपाटाचा पत्रा आतून ठिकठिकाणी फुगला होता.

“बराच वेळ जिवंत होते म्हणतात,” मच्छिंद्र म्हणाला.

शेजारच्या श्यामलाबाईंनी जबाब दिला. दणके त्यांनी ऐकले होते, सगळ्या मजल्यानं ऐकले होते. टीव्हीवर बातम्या लागायच्या वेळेला सुरू झाले आणि बराच वेळ चालले. ओगले फर्निचरचं काम करून घेताहेत असं त्यांना वाटलं.

“सकाळी बोलणारच होते मी त्यांना,” बाई म्हणाल्या म्हणे.

मी त्या संध्याकाळी ससूनमध्ये होतो, डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून सुटलो. गाडी पोलिसांनी नेली. डिकीतलं रक्त जब्बारभाईचंच निघालं. ओगल्यांनी कधी कुणाला काय केलं होतं, तो माणूस कोण होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तसा कुणी हरवल्याची तक्रारही सापडली नाही.

जब्बारभाई वाचला. गॅरेज बंद करावं लागलं, कारण उजव्या कानानं त्याला ऐकू येत नाही आणि बोटं पाना धरत नाहीत. बाकी बरा आहे. ओगल्यांचं त्याला मी सांगितलेलं नाही. ते अपघातात गेले, एवढंच सांगितलंय.

तो अजून त्या माणसासाठी दुआ मागतो. नाव माहीत नाही, धर्म माहीत नाही, तरी मागतो. आपण एका जिवाला सोडवलं, याचं त्याला फार समाधान आहे.

कधी कधी जेवता जेवता मधेच थांबतो आणि विचारतो, “मकसूद, तो गेला कुठं असेल रे तिथून?”

“कुठं जाणार?” मी म्हणतो. “गेला असेल आपल्या घरी.”

“बिचारा,” जब्बारभाई म्हणतो आणि परत जेवायला लागतो.

माझा घास तसाच हातात राहतो.