सोडायचं राहिलेला माणूस

ए बसू, तो मोबाईल खिशात घाल आधी. सयाजी माझ्या साडूचा पोरगा, ट्रॅक्टर चालवतो. म्हंजे ही ऐकीव गोष्ट न्हाय.

दोन वर्षामागं अक्कलकोट रोडला त्याच्या मालकानं, एका बागायतदारानं, शेतात जुन्या पद्धतीचा यज्ञ घातला. त्यात म्हणे पूर्वी माणसाला खांबाला बांधायचे, भोवती विस्तव फिरवायचे, अन् मंत्र म्हणून सोडून द्यायचे. मारायचं न्हाय, नुसतं दाखवायचं. मालक म्हणाला, "सयाजी, तू उभा ऱ्हा." ह्यो राहिला. दर्भाच्या दोरीनं उजवा हात बांधला, विस्तव फिरला, अन् तेवढ्यात पंगत बसली. सोडायचा मंत्र राहिलाच. सयाजीला लागलेली भूक. गाठ न सोडताच हात ओढून काढला अन् बसला की जिलबी हाणत.

त्या दिवसापासनं रात्री एक वाजला की उजवा हात बधिर. आधी तासभर, मग पार उजाडेपर्यंत. ड्रायव्हरचा हात गेला म्हंजे घरच बसलं की. भटजी म्हणाले, मालकाला विचारा. मालक म्हणाला, भटजींना विचारा.

येळवशीच्या, म्हंजे वेळा अमावस्येच्या रात्री शेतीची लाईट पावणेएकला आली. सयाजी मोटर चालू करायला निघाला. वाट त्या खांबावरनंच.

बरोबर एकला हात मागं ओढला गेला.

वळून बघितलं. कुणी न्हाय. नुसता खांब... त्यावर ती दोरी. गाठ तशीच. अन् दोरी ताणलेली...

"कोन हाय? बोल की."

भ्याला व्हता, खोटं कशाला सांगू. पण चिडला जास्त. तरातरा खांबापाशी गेला अन् दातानं गाठ सोडवली.

"मंतर मला येत न्हाय," म्हणाला. "कुणाच्या बापाला विचारनार बी न्हाय. हितं जो कोन बांधलेला हाय, तो सुटला. जा."

दोरी ढिली पडली. हाताला मुंग्या आल्या, मग जीव आला. गडी पळाला न्हाय. मोटर चालू करूनच घरी गेला.

सकाळी त्यानं मला नेऊन दाखवलं. आदल्या दिवशी पाणी दिलेलं, माती मऊ. खांबापर्यंत त्याच्या चपलेचा माग. तिथनं तोच माग मोटरीकडं.

अन् दुसरा एक... अनवाणी. खांबाच्या बुडातनंच निघालेला, सडकेकडं. पावलं लांब लांब पडलेली. पळत गेल्यावानी.