टोपाखालचा डोंगर

वडील गेल्यापासून पद्मावतीने विमान उडवलं नव्हतं. त्यामुळे ढगातून, नुसत्या काट्यांच्या भरवशावर उडवण्याची तिची मुभा संपली होती. ती परत मिळवायला टोप घालून परीक्षा द्यायची. टोपाची चोच लांब. समोरच्या तबकड्यांखेरीज काही दिसत नसे. बाहेर बघायला शेजारी अल्लाउद्दीनचाचा, क्लबचे जुने शिक्षक.

"टोप तिरका केलास तर नापास करीन हां," उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून उडताना ते म्हणाले. "बापाची लेक म्हणून सोडायचो न्हाय."

"तात्या कधी चोरून बघत नव्हते."

चाचांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

तिचे वडील, तात्यासाहेब, ढगात जोतिबाच्या डोंगरावर आदळले होते. त्यांनी काटे सोडून मनाचं ऐकलं, असं चौकशीत ठरलं. तशी साक्ष चाचांचीच. पद्मावतीला ते पटलं नव्हतं. मुभा मिळाली की त्याच वाटेने, तशाच ढगातून जाऊन ती ते खोटं पाडणार होती. चाचांना ते नको असावं, असा तिला संशय होता.

"डावीकडं वळ. उंची धरून ठेव."

काटे स्थिर होते. पण अंग सांगत होतं, विमान खाली चाललंय. कानांत दडे बसले. टोपाखाली जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा वास आला.

"चाचा, आपण उतरतोय?"

"काटं काय म्हंत्यात?"

"सरळ."

"मग सरळच की."

आवाज फार शांत होता. तिने मान तिरकी करून चोचीखालून बाहेर पाहिलं.

देवळाचं शिखर. डोळ्यांच्या रेषेत. उतारावर माणसं, वर वळलेले चेहरे.

तिने सुकाणूची दांडी छातीशी ओढली.

"आगं, काय करतीस!"

"डोंगर!"

"कुठला डोंगर? बघ की!"

तिने टोप भिरकावला. निरभ्र आभाळ. खूप खाली पंचगंगा, उसाचे फड. उंचीचा काटा उलट थोडा वरच चढला होता.

उतरल्यावर चाचा म्हणाले, "टोप काढलास, तरी पास हाईस. पण ढगात जाऊ नगंस."

"का?"

चाचा चाकापाशी उकिडवे बसले होते. चाकाच्या दांड्यावर बोटभर गुलाल बसला होता.

"तात्यांच्या विमानालाबी असाच लागला व्हता," ते मान वर न करता म्हणाले. "ते गेले त्याच्या आदल्या दिवशी. काटं बरोबर व्हतं त्यांचं, तरी साक्ष उलटी दिली मी. कोण ऐकणार व्हतं माझं?"

त्यांनी खिशातून फडकं काढून गुलाल पुसला. मग उठले, आणि क्लबच्या दुसऱ्या विमानाकडे, त्याच्या चाकापाशी जाऊन गुलाल शोधत बसले.